धाकू मेस्त्रीच्या ट्रंकेतली बंदूक

धाकू मेस्त्रीच्या पलंगाखाली जी हिरवी ट्रंक आहे, तिच्यात खरी बंदूक आहे, अशी कुजबुज आमच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षं चालू होती.

खरी म्हणजे अगदी खरी. चाप ओढला की माणूस आडवा. ही बातमी पहिल्यांदा फोडली तळमजल्यावरच्या शांताबाईने. "मी नाही बाई कुणाला सांगत," असं म्हणत तिने एका दुपारी सहा घरं केली. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी, पोस्टातनं रिटायर झाले तरी ज्यांची बातम्या पोचवायची सवय सुटलेली नव्हती, त्यात भर घातली की बंदूक परदेशी बनावटीची आहे. दिवाळीपर्यंत त्या बंदुकीने एक खूनही उरकला होता. फक्त कुणाचा ते ठरायचं राहिलं होतं.

शांताबाईचा पुरावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खंडेनवमीला धाकू आपली करवत, रंधा, पटाशी आणि सगळ्या लाकडी बंदुका ओळीने मांडून, दार सताड उघडं ठेवून पूजा करायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला प्रसाद. पण त्या वर्षी ती पूजा आटोपल्यावर त्याने दार लावून घेतलं, ट्रंक ओढली, लाल फडक्यातनं काहीतरी काढलं आणि त्याला एकट्याने हळदकुंकू वाहिलं. शांताबाईने हे खिडकीच्या पडद्याच्या फटीतनं पाहिलं. ती तिथे काय करत होती हे तिला कुणी विचारलं नाही. "बाहेरच्या सगळ्या खोट्या," ती म्हणाली, "म्हणून त्यांची उघड्यावर पूजा. आतली खरी. म्हणून दार लावून."

आता पलंगाखाली बंदूक आहे यावर बिल्डिंगने एवढा विश्वास का ठेवावा? तर धाकूचा धंदाच बंदुकांचा. खोट्या बंदुकांचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा लहानसा गाळा होता. तिथे तो सिनेमा-सिरियलवाल्यांसाठी लाकडी बंदुका करायचा. शूटिंगवाले त्यांना 'डमी' म्हणतात. धाकूला तो शब्द आवडत नसे. "डमी तुझा बाप," असं तो एकदा एका असिस्टंट डिरेक्टरला बोलला होता आणि मग दोन महिने अंधेरीच्या त्या स्टुडिओत त्याला काम नव्हतं.

मूळचा तो कुडाळकडचा. बाप गिरणीच्या सुतारखात्यात. गिरणी बंद पडली तसा धाकू अठराव्या वर्षी स्टुडिओत सेट ठोकायला लागला. एके दिवशी सीनला रायफल हवी होती आणि ती आणणारा माणूस आलाच नाही. हिरो मेकअप करून बसलेला, डिरेक्टर डोकं धरून बसलेला. धाकूने सेटवरच्या एका खाटेचा खूर काढला, दीड तासात तासला, वर पाण्याच्या पाइपचा तुकडा बसवला आणि काळा रंग फासला. सीन झाला. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच त्याचं वाटोळं केलं असं त्याची बायको प्रेमा म्हणते. टाळ्या नसत्या वाजल्या तर माणूस आज चांगली कपाटं करत असता.

कारण खरं सांगायचं तर धाकूच्या बंदुका काही खास नव्हत्या. खोक्यांच्या हलक्या लाकडाच्या, वर चकचकीत ऑइलपेंट. लांबून बंदूक, जवळून काळं लाटणं. प्रेमा तर तोंडावर म्हणायची, "ह्या बंदुकीन मी चपात्यो लाटीन." पण पंचवीस वर्षं दुसरं कुणी करणारंच नव्हतं. गर्दीतल्या पोलिसांच्या हातात धाकूची बंदूक, दरोडेखोरांच्या हातात धाकूची बंदूक. जत्रेत एकच हलवाई असला की त्याचीच जिलबी कुरकुरीत लागते, तशातली गत. धाकूची छाती पुढे, कानावर पेन्सिल, आणि बोलण्यात 'आमच्या शस्त्रागारात'.

मग कुंडलिक आला.

कुंडलिक जालन्याकडचा. मरोळच्याच एका कारखान्यात टूलरूममध्ये होता, साचे बनवायचा. दहा वर्षांपूर्वी कारखाना उठून गुजरातेत गेला तेव्हा हा चाळिशीत बेकार झाला. त्याला स्टुडिओत नेलं ते धाकूनेच. शेजारचा गाळा मिळवून दिला तो धाकूनेच. ही गोष्ट धाकू पुढे दिवसातनं तीनदा स्वतःला सांगायचा आणि प्रत्येक वेळी त्याचा जळफळाट आणखी वाढायचा.

पहिल्याच महिन्यात कुंडलिकने एक रिव्हॉल्वर केलं आणि धाकूला दाखवायला आणलं. धाकूने ते हातात घेतलं आणि त्याचं मनगट खाली गेलं. वजन! मुठीला शिसम, बाकी सगळं रेझिनमध्ये लोखंडाचा कीस कालवून ओतलेलं. गोळ्यांचं चाक फिरवलं की 'टिक्' असा बारीक आवाज. आणि सगळ्यात कहर म्हणजे जिथे माणसाचा अंगठा टेकतो तिथला रंग त्याने घासून घासून उडवला होता. वीस वर्षं कुणीतरी वापरल्यासारखा.

"बरी आहे," धाकू म्हणाला.

"बरी म्हणजे?"

"जड आहे. हिरोचा हात दुखेल."

"अरे धाकूशेठ, हात दुखला तरच तो बंदूक धरल्यासारखा धरेल ना! तुझी तर कंगव्यासारखी धरतात."

कुंडलिक हे हसत बोलला. चेष्टेतच बोलला. पण त्या दिवशी धाकूचा दुपारचा डबा भरलेला परत आला. प्रेमाने झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, "कोण मेलां काय?"

"नाय," धाकू म्हणाला. "जन्माक इलो."

तेव्हापासून धाकूला जे लागलं ते तापासारखं उतरणारं नव्हतं. तो काडेपेटी मागायच्या निमित्ताने शेजारच्या गाळ्यात जायचा, आणि तो विडीसुद्धा ओढत नव्हता! कुंडलिक चहा आणायला गेला की त्याच्या टेबलावरची अर्धवट मूठ उचलून वजन घ्यायचा. त्याच दुकानातनं तेच शिसम आणलं, तेच रेझिन आणलं, तसाच कीस कालवला. साचा उघडला तर आत भरताचं वांगं. कुंडलिकला सर्दी झाली की ह्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून हा प्रेमाकडनं काढा करून न्यायचा. कुंडलिकला वाटायचं, काय माया आहे माणसाची!

दर खंडेनवमीला धाकू शेजारच्या गाळ्यात डोकावून विचारायचा, "कुंडलिक, तुझ्या बंदुकांना एक फूल ठेवू?" कुंडलिक बौद्ध. त्याच्याकडे ही पूजा नव्हती. "ठेव रे," तो म्हणायचा, "फूल काय चावतंय?" धाकू झेंडूचं फूल ठेवायचा आणि त्या निमित्ताने एकेक बंदूक दोन दोन मिनिटं बघत बसायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कुंडलिकचं सगळ्यात नामी रिव्हॉल्वर सेटवरनं गायब झालं. सहा महिने खपून केलेलं. पॅकअपच्या घाईत कुठे गेलं कळेना. कुंडलिकने तीन दिवस अख्खा स्टुडिओ पालथा घातला आणि धाकूने त्याच्याबरोबर. गटाराचं झाकण उचलून आत टॉर्च मारून बघणारा धाकूच. शेवटी प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या दर्शना मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे कुंडलिक, डमीच तर होती." विषय मिटला. डमी म्हटल्याबद्दल धाकूला मॅडमचा राग आला, हे कुंडलिकच्या लक्षात राहिलं.

आता गेल्या डिसेंबरात येतो.

सकाळी दहाची वेळ. दोघं एकाच रिक्षाने मरोळहून अंधेरीला निघालेले, पायाशी दोन पोती. एका पोत्यात कुंडलिकचा माल, दुसऱ्यात धाकूचा. धाकूच्या पोत्यातनं तीन नळ्या निघाल्यापासून बाहेर डोकावत होत्या. रिक्षावाल्याला त्या छत्र्यांच्या दांड्या वाटल्या. कुंडलिक मात्र एका पिस्तुलाचा ढिला स्क्रू पिळत होता. नाक्यावर पोलिसांची नाकाबंदी होती. रिक्षा रांगेत हळू झाली, रिक्षावाल्याने सहज आरशात बघितलं, आणि पुढच्या क्षणी तो रिक्षा सोडून दोन्ही हात डोक्यावर धरून पळत होता. "साब! बंदूक! बंदूक है इनके पास!"

चौकीचा नवा फौजदार आकाश, वय सत्तावीस-अठ्ठावीस. त्याने कमरेचं पिस्तूल काढलं. ते लाकडाचं नव्हतं.

"हात वर! खाली टाक ते! टाक!"

कुंडलिकचे हात वर गेले, पण बोटं उघडेनात. घाबरलेल्या माणसाची मूठ घट्टच होते. त्याच्या हातातलं पिस्तूल उन्हात असं काही चमकत होतं की बघणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. आणि फौजदाराचं बोट चापावर होतं.

त्या वेळी जगात फक्त एका माणसाला खरं काय ते माहीत होतं आणि बोलायला तोंड मोकळं होतं. धाकूला. 'लाकूड आहे साहेब,' एवढंच म्हणायचं. तो बोलला नाही. एक, दोन, तीन, चार, पाच आकडे मोजून होतील इतका वेळ तो बोलला नाही.

भीतीने नव्हे. हे त्याने पुढे प्रेमाला सांगितलं आणि प्रेमाने मला. त्याच्या स्वतःच्या कानाला त्याच्याच रायफलची नळी टेकलेली होती, आणि अख्ख्या नाक्यावर एकाही पोलिसाचं तिकडे लक्ष नव्हतं. "माझ्यावर कोणी रोखूक नाय," तो म्हणाला. "तेच्यावर रोखल्यान."

सहाव्या आकड्याला तो ओरडला. "लाकूड आसा साहेब! लाकूड! माझ्याकडे पण आसा!" आणि खात्री पटवायला पोत्यातली रायफल काढून त्याने स्वतःच्याच टाळक्यात हाणली. रंगाचा टवका उडाला.

फौजदाराने हात खाली घेतला. "तुमचं दिसतंच आहे काका," तो म्हणाला.

मग त्याने कुंडलिकच्या बोटांतनं ते पिस्तूल सोडवून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि तिथेच रिक्षात बसून अर्धी बाटली पाणी प्यायला. "काका," तो कुंडलिकला म्हणाला, "आज मी तुम्हाला गोळी घातली असती. चूक माझी नसती, तुमचीही नसती. पण तुम्ही घरी गेला नसतात."

रिक्षावाला परत आला तेव्हा त्याने भाडं वाढवून मागितलं, तेही कुंडलिकने घासाघीस न करता दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू दर्शना मॅडमच्या टेबलासमोर उभा. "मॅडम, असल्या हुबेहूब बंदुका खऱ्या बंदुकांसारख्याच धरल्या पाहिजेत. कपाट, कुलूप, यादी. बाहेर न्यायची तर चौकीला पत्र. ज्याच्या हातात दिली त्याची सही."

कुंडलिक बाजूलाच होता. "लाकडाला लायसन? उद्या रबराचा साप आणला तर गारुडी ठेवशील?"

"रबराचा साप बघून फौजदार गोळी नाही घालत."

"गोळी सुटत नाही रे त्यातनं! भोकसुद्धा आरपार नाही."

"तुला माहीत आहे. समोरच्याला माहीत आहे का? आणि कुणी उचलून नेऊन दुकानदाराच्या छातीला लावली तर तो काय आधी भोक तपासणार?"

गंमत बघा, धाकूचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकवायला बंदुकीला गोळी लागत नाही. पण हे शहाणपण त्याच्या डोक्यातनं नव्हे, पोटातनं आलं होतं. नियम झाला की कुंडलिकचं काम कपाटात जाईल, प्रत्येक बंदुकीपायी चार कागद होतील, आणि कटकट नको म्हणून सिरियलवाले पुन्हा त्याच्या हलक्याफुलक्या लाटण्यांकडे वळतील, असा त्याचा हिशेब.

कुंडलिकने आपल्या तळहातांकडे बघितलं. मग म्हणाला, "करा नियम. कालपासून माझे हात नीट खाली येत नाहीयेत."

मॅडमने नियम केला. शिवाय कपाटाची किल्ली सांभाळायला एक कायमचा माणूस ठेवायचं ठरवलं. सेटवरचं प्रत्येक हत्यार त्याच्या हातातनं जाणार, तो म्हणेल तेव्हाच हिरो ते धरणार. धाकूला ती किल्ली आपल्या कमरेच्या करगोट्याला लटकताना दिसायला लागली.

शनिवारी बंदुका वेगळ्या करायचं ठरलं. स्टुडिओच्या आवारात लांब टेबल मांडलं. फौजदार आकाश बघायला आला. खऱ्या वाटतील त्या उजवीकडे, त्यांना कुलूप आणि नियम. खेळण्यासारख्या दिसतील त्या डावीकडे, त्यांना काही नको.

कुंडलिकच्या सगळ्या उजवीकडे गेल्या. मग धाकूच्या सुरू झाल्या. डावीकडे. डावीकडे. डावीकडे.

"साहेब, ही जरा नीट बघा."

"बघितली काका. डावीकडे."

"ह्या अशा लांबून बघायच्या असतात!" धाकू रायफल घेऊन वीस पावलं पळत गेला, वळला आणि फौजदाराच्या छातीवर नेम धरून उभा राहिला. फौजदाराने दोन्ही हात वर केले. धाकूचा चेहरा खुलला. फौजदाराने आळस दिला आणि हात खाली घेतले.

"साहेब, माझ्यापण जप्त करा!"

"जप्त नाही करत हो कुणाच्या. कुलपात ठेवतोय."

"मग ठेवा ना कुलपात!"

"कपाटात जागा नाही काका."

एकेचाळीसच्या एकेचाळीस डावीकडे. ज्या नियमासाठी हा माणूस भांडला, त्या नियमाने त्याच्या एकाही बंदुकीला बंदूक मानलं नाही. स्पॉटबॉय तोंडं फिरवून हसत होते. आणि त्यात कुंडलिक हळूच म्हणाला, "साहेब, त्याची एखादी तरी घ्या की." ही दया धाकूला हसण्यापेक्षा जास्त झोंबली.

तेवढ्यात दर्शना मॅडमने यादी बघितली. कुंडलिकच्या वहीत चोवीस, टेबलावर तेवीस.

"चोविसावी कुठे?"

"ती दोन वर्षांपूर्वी हरवली ना मॅडम. तुम्हीच म्हणालात, डमीच तर होती."

"तेव्हा होती. आता ती नियमाने बंदूक आहे, आणि अशी एक बाहेर कुणाच्या तरी हातात आहे." मॅडमने वही मिटली. "किल्ली मी तुम्हालाच देणार होते, कुंडलिक. पण सोमवारपर्यंत ती सापडली नाही तर किल्ली धाकूमामांकडे. आणि तुमचा माल बाहेर. मी जबाबदारी घेऊ शकत नाही."

कुंडलिकला दुसरं काम नव्हतं. मुलगी रश्मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. आणि धाकू, ज्याला आता फक्त दोन दिवस गप्प बसायचं होतं, तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. प्रेमाने माशाचं झणझणीत तिकलं केलं होतं. त्याने ताट सरकवून दिलं.

रविवारी सकाळी काय झालं, ते शांताबाईच्या समाजसेवेमुळे झालं. धाकू मेस्त्रीच्या बंदुका पोलिसांनी तपासल्या ही बातमी बिल्डिंगमध्ये पोचताच तिचं दोन वर्षं घरोघर फिरलेलं रहस्य पुन्हा उकळायला लागलं. ती पदर खोचून चौकीवर गेली. "साहेब, खोट्या कसल्या मोजत बसलात! खरी त्याच्या पलंगाखाली आहे."

अकरा वाजता फौजदार आकाश एका शिपायाला घेऊन आमच्या जिन्यात. बिल्डिंगला एवढी गर्दी पूजेला होत नाही. नाना गंजीफ्रॉकवर मफलर गुंडाळून सगळ्यांत पुढे.

"साहेब, चपला भायर," प्रेमाने दारातच सांगितलं. फौजदाराने मुकाट्याने बूट काढले.

"ट्रंकेची किल्ली?"

"हरवली," धाकू म्हणाला.

प्रेमाने देवाच्या फळीमागे हात घातला आणि किल्ली काढून दिली. "घ्या. माका पण बघूचा आसा काय ता. दोन वर्सां हात लावूक देवक नाय ह्येना."

झाकण उघडलं. वर बापाचा गिरणीतला खाकी शर्ट. त्याखाली पंचांगं. त्याखाली लाल फडकं. फौजदाराने फडक्याचं टोक धरून उलगडलं आणि तो दोन पावलं मागे सरला, हात कमरेला. फडक्यात एक रिव्हॉल्वर. नळीवर लालभडक थर.

"रक्त?"

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" शांताबाईला इतका आनंद तिच्या मुलाच्या लग्नातही झाला नव्हता.

शिपायाने वाकून वास घेतला. "कुंकू आहे साहेब. हळदपण आहे."

"कुणी हात लावू नका," फौजदार म्हणाला. नाक्यावर एकदा तो फसला होता. "खरी की खोटी हे सांगणारा एकच माणूस आहे. त्या कुंडलिककाकांना बोलवा." बंदुकांत पस्तीस वर्षं घालवलेला माणूस खोलीतच उभा होता, पण त्याला कुणी विचारलं नाही.

कुंडलिक दोन गल्ल्या सोडून राहतो. तो धापा टाकत आला, गर्दीतनं आत शिरला आणि ते रिव्हॉल्वर त्याने हातात घेतलं. त्याचं मनगट खाली गेलं नाही, हाताला वजन ओळखीचं असावं. अंगठा आपोआप घासलेल्या जागेवर टेकला. त्याने चाक फिरवलं. टिक्.

सगळे बंदुकीकडे बघत होते. तो कुंकवाकडे बघत होता. सुकून काळपट झालेला एक थर, त्यावर दुसरा लाल. भेगेत झेंडूच्या पाकळीचा तुकडा. मग त्याने धाकूकडे बघितलं. धाकू जमिनीकडे बघत होता.

"खोटी आहे साहेब," कुंडलिक म्हणाला. "लाकूड आणि रेझिन."

"कोणी बनवलीय?"

आता कुंडलिक गप्प झाला. त्याने 'माझी' म्हणायचा अवकाश, यादी पुरी होत होती, किल्ली मिळत होती, मुलीचं शेवटचं वर्ष सुखाने पार पडत होतं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"धाकूने. त्याचंच काम आहे हे."

"काय सांगता!" फौजदाराचा चेहरा उजळला. "काका, एवढी झकास बनवता आणि काल ती लाटणी घेऊन माझ्याशी भांडत होता? अहो, मी मागे सरलो! माझा हात कमरेला गेला!" त्याने धाकूचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "मानलं तुम्हाला. पण ही उद्या नियमाप्रमाणे कपाटात गेली पाहिजे हं."

नानांनी टाळी वाजवली. मग जिन्यातल्यांनी वाजवल्या. शांताबाई सोडून सगळ्या बिल्डिंगने वाजवल्या. खाटेच्या खुराच्या रायफलीनंतर धाकूला पहिल्यांदा अशा टाळ्या पडत होत्या. इतकी वर्षं हा माणूस ज्या वाक्यासाठी झुरला, ते वाक्य एक खरा फौजदार, खरं पिस्तूल कमरेला लावून, त्याच्या घरात उभा राहून बोलत होता. धाकूचा चेहरा कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखा झाला होता.

गर्दी पांगली. कुंडलिक चपला घालत होता.

"कित्याक?" धाकूने विचारलं. "का बोललास तसं?"

"नाक्यावर माझे हात वर होते धाकूशेठ, कान उघडे होते. तू पाच आकडे उशिरा बोललास. पण बोललास." कुंडलिकने चपलेचा पट्टा ओढला. "आणि माझ्या बंदुकीवर कुणी कुंकू वाहील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी स्वतः नाही वाहिलं कधी."

तो गेला. प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याला एक शब्दही बोलली नाही, आणि प्रेमा बोलत नाही तेव्हा काय होतं हे ज्याने तिच्याशी संसार केला त्यालाच ठाऊक.

सोमवारी दर्शना मॅडमने टेबलावर किल्ली ठेवली. धाकूने किल्लीशेजारी लाल फडकं ठेवलं.

"ही चोविसावी."

"कुठे सापडली?"

"माझ्या घरी."

"तुमच्या घरी कशी आली?"

"नेली होती."

मॅडमने फडकं उलगडून बघितलं आणि वहीत खूण केली. मग किल्ली उचलून कुंडलिकला दिली. आणि धाकूला सांगितलं की ह्यापुढे तुमचा माल गेटवर ठेवायचा, प्रॉपर्टीच्या, म्हणजे सेटवरच्या सामानाच्या, खोलीत पाऊल टाकायचं नाही. धाकू "बरं" म्हणाला. कुंडलिकने काहीतरी बोलायला तोंड उघडलं तसा धाकू त्याच्यावर खेकसला, "तू गप रे! कालच्यासारखं पुन्हा काही चांगलं बोलू नकोस."

तेव्हापासून धाकूच्या बंदुका गेटपर्यंतच जातात. गर्दीच्या सीनला, लांबच्या लोकांच्या हातात. त्यांना अजून कुलूप नाही, यादी नाही, पत्र नाही, आणि ह्याचा त्याला अजून राग आहे. कुंडलिक सकाळी स्वतः गेटवर येऊन पोतं उचलून नेतो. येताना दोन कटिंग चहा आणतो. परवा त्याने एक नवी रायफल दाखवायला आणली होती. धाकूने हातात घेतली, मनगट खाली गेलं, "बरी आहे," म्हणाला. त्या दिवशीही डबा भरलेला परत आला. प्रेमाने ह्या वेळी विचारलंसुद्धा नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये कुजबुज थांबलेली नाही. शांताबाईचं म्हणणं आता असं, की खरी बंदूक होतीच, पण तिने चौकीवर जायचं ठरवल्याचं कुणीतरी फोडलं आणि शनिवारीच अदलाबदल झाली. नाना त्या कुणाचंतरी नावही सांगतात.

त्या ट्रंकेत खरी बंदूक कधीच नव्हती. कुंडलिकने केलेलं लाकूड-रेझिनचं रिव्हॉल्वर होतं. ते धाकूने सेटवरनं चोरलं होतं, कारण तसं त्याला करता येत नव्हतं.